लेखकाचं जन्मसाल नक्की नाही? ग्रंथालयाच्या तालिकेत नोंदवताना या चुका टाळा

एका ग्रंथालयात मी संगणकावर 'तुकाराम' टाइप केलं आणि तीन तुकाराम समोर आले. एक १५९८ चे, एक १६०८ चे, तिसऱ्यापुढे सालच नाही. गाथेच्या प्रती तिघांत वाटल्या गेल्या होत्या. त्याच दिवशी एम. ए. करणारी एक मुलगी पहिल्या नावाखालच्या चार प्रती पाहून निघून गेली होती. कपाटात अकरा होत्या. नोंदी करणाऱ्यांनी कष्ट घेतले नव्हते असं नाही. प्रत्येकाने हाताशी असलेल्या प्रस्तावनेतलं साल प्रामाणिकपणे उतरवलं होतं. घोटाळा तिथेच झाला.

तुकारामांच्या जन्मसालाबद्दल १५६८, १५७७, १५९८ आणि १६०८ अशी चार मतं आहेत. चाळीस वर्षांचं अंतर. असा वाद मिटवणं हे तालिकाकाराचं काम नाही. त्यातलं एक साल ठामपणे लिहिलं की आपण नकळत निकाल देतो, आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी वेगळा निकाल देतो. माझं मत स्पष्ट आहे: मतांमध्ये इतकी तफावत असेल तर नावापुढे फक्त मृत्यूचं साल द्यावं, '-१६५०'. चारही मतं ऑथॉरिटी रेकॉर्डच्या (लेखकाच्या नावाचं प्रमाण रूप ठरवणाऱ्या नोंदीच्या) ६७० या फिल्डमध्ये, म्हणजे रकान्यात, कुठल्या ग्रंथात काय सापडलं त्यासह लिहावीत.

शकात ७८ मिळवून मोकळं होणं

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शक चैत्रात सुरू होतो आणि १ जानेवारी मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास येते. म्हणजे वर्षाच्या पहिल्या नऊएक महिन्यांसाठी ७८, पण माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवायचे. समर्थ रामदासांचा जन्म चैत्र शुद्ध ९, शके १५३०, म्हणून १६०८. निर्वाण माघ वद्य ९, शके १६०३, म्हणून १६८२. कितीतरी तालिकांत १६८१ दिसतं, कारण दोन्हीकडे ७८ मिळवलेले असतात. तुकारामबीज फाल्गुन वद्य द्वितीयेला. शके १५७१ धरलं तर साल १६५० येतं. १६४९ लिहिलेलं दिसलं तर आधी हीच शंका घ्या. ताळा करायला सोपी तारीख म्हणजे शिवजन्म: फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

महिना ठाऊक नसून नुसता शक मिळाला असेल तर दोन सालं संभवतात. शके १५७१ म्हणजे '१६४९ किंवा १६५०', आणि तसंच लिहायचं. विक्रम संवतात बहुतेक वेळा ५७ वजा होतात, त्यामुळे गुजराती-हिंदी पुस्तकावर नुसता चार आकडी अंक दिसला तर तो शक की संवत हे आधी पाहा.

'किंवा', 'सुमारे' आणि प्रश्नचिन्ह यांची सरमिसळ

या तीन खुणांचे तीन अर्थ आहेत. आरडीए या तालिकीकरणाच्या नियमावलीप्रमाणे दोन लागोपाठच्या किंवा ठरावीक सालांपैकी एक नक्की असेल तर 'किंवा'. साल साधारण अंदाजाने काढलं असेल तर 'सुमारे'. एकच साल बहुधा बरोबर आहे पण खात्री नाही, तर सालापुढे प्रश्नचिन्ह. इंग्रजी नोंदीत 'सुमारे'च्या जागी पूर्वीचं 'सी.ए.' आता नको, 'ॲप्रॉक्सिमेटली' पूर्ण लिहावं, 'एफ.एल.'च्या (त्या काळी कार्यरत) जागी 'ॲक्टिव्ह'.

ज्ञानेश्वरांचा जन्म एका परंपरेने शके ११९३, दुसरीने शके ११९७, म्हणजे १२७१ किंवा १२७५. हे घाईत '१२७१-१२७५' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. नावापुढची आडवी रेघ जन्म आणि मृत्यू यांच्यामधली असते. वाचणाऱ्याला वाटेल, लेखक चौथ्या वर्षी गेला. बरोबर नोंद: '१२७१ किंवा १२७५-१२९६'.

ग्रंथाच्या सालाला जन्मसाल समजणं

ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ दिलं आहे, म्हणजे १२९०. हे लेखक त्या वर्षी लिहीत होता याचं प्रमाण आहे, आणि जन्ममृत्यू ठाऊक नसलेल्या लेखकासाठी 'कार्यरत' हा शब्द याचसाठी आहे. पण ग्रंथातलं सालही डोळे मिटून घेऊ नका. मुकुंदराजांच्या विवेकसिंधूत शके १११० येतं, म्हणजे ११८८, आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणून मुकुंदराजांपुढे 'कार्यरत ११८८?' हे अधिक प्रामाणिक. हस्तलिखिताच्या शेवटी असलेलं साल तर अनेकदा नक्कल करणाऱ्याचं असतं. ते लेखकाच्या नावापुढे कधीच नको.

१ जून

आधुनिक लेखक म्हणजे तारीख पक्की, असं धरू नका. जुन्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तो लिहिला. दिवस ठरवलेला असेल तर सालही वय बसवण्यासाठी ठरवलेलं असू शकतं. दुसरा पुरावा नसेल तर '१९३८?-' असं लिहा.

०४६ रिकामं ठेवणं, किंवा चुकीचं भरणं

नावापुढचं साल माणसासाठी, ऑथॉरिटी रेकॉर्डमधलं ०४६ हे फिल्ड यंत्रासाठी. त्याच्या एफ या सबफिल्डमध्ये (उपरकान्यात) जन्म, जीमध्ये मृत्यू, एस आणि टीमध्ये कार्यकाल, आणि पद्धत ईडीटीएफ (यंत्राला कळेल अशी तारीख लिहिण्याची पद्धत) आहे हे २ या सबफिल्डमध्ये. अनिश्चित सालापुढे ?, अंदाजे असेल तर ~, दोन्ही असेल तर %. दोनपैकी एक असेल तर चौकटी कंस: [१२७१,१२७५]. तिरकी रेघ घालू नका. '१२७१/१२७५' म्हणजे इथून तिथपर्यंतचा काळ. जुन्या नोंदींत '?~' दिसतं, २०१९ च्या आयएसओ प्रमाणात त्याची जागा % ने घेतली. या फिल्डमध्ये अंक इंग्रजीच टाका, इथे मी छापण्यापुरते देवनागरी दिले आहेत. नावापुढच्या सालाचे अंक मात्र एकदा ठरवा, देवनागरी किंवा इंग्रजी, आणि सगळीकडे तेच ठेवा.

साल अजिबात नाही म्हणून '१९००-' भरून ठेवणं सर्वांत घातक. रिकामी जागा पुढचा माणूस भरतो. खोटं साल तो खरं मानतो. आणि साल वगळून चालत नाही अशीही नावं आहेत: संत बहिणाबाई (१६२८-१७००) आणि बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या कविता एका नावाखाली गेल्या की वाचकाचा गोंधळ होणारच.

आधीच झालेली गडबड निस्तरायची असेल तर एक ऑथॉरिटी रेकॉर्ड कायम ठेवा, बाकीची रूपं त्याच्या ४०० या पर्यायी नावांच्या फिल्डमध्ये घाला आणि रेकॉर्ड विलीन करा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर पुस्तकांच्या नोंदीत १०० या लेखकाच्या फिल्डच्या ९ या सबफिल्डमध्ये ऑथॉरिटीचा क्रमांक आहे का ते तपासा. तो नसेल तर नाव दुरुस्त केल्यावरही जुन्या नोंदी तशाच राहतात. मग वाचकाच्या संगणकावर बसून 'तुकाराम' टाइप करा आणि अकराच्या अकरा प्रती एका नावाखाली येतात का ते मोजा.