नव्या इन्चार्ज सिस्टरसाठी: वॉर्डात ‘थांबा’ म्हणता आलं पाहिजे

वॉर्डची जबाबदारी नव्यानं घेणाऱ्या सिस्टरला मी आधी एक गोष्ट बघायला सांगते. तुमच्याकडची सगळ्यात नवी मुलगी रात्री दोन वाजता सिनियर डॉक्टरांना “सर, थांबा, हा डोस जास्त वाटतोय” असं म्हणू शकते का? म्हणू शकत नसेल, तर भिंतीवर लावलेल्या प्रोटोकॉलचा पेशंटला काही उपयोग नाही.

सुरुवात ओव्हरपासून करा, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देण्यापासून. ती काउंटरवर बसून नाही, पेशंटच्या खाटेजवळ उभं राहून द्यायची. सलाईन किती उरलंय, लघवी किती झाली, ॲलर्जी कशाची, कुठला रिपोर्ट यायचाय, हे तर हवंच. पण शेवटी विचारायचं, “तुला याच्याबद्दल काळजी कशाची वाटते?” केसपेपरवर न आलेलं बरंच काही तिथे बाहेर येतं. पेशंट जागा असेल तर त्यालाही बोलू द्या.

इन्सुलिन, हेपॅरिन यांसारखी औषधं दोघींनी तपासायची. एकीनं सिरिंज दाखवली आणि दुसरीनं मान हलवली, याला मी तपासणं म्हणत नाही. दुसरीनं ऑर्डर स्वतः वाचायची, डोसचा हिशोब स्वतः करायचा आणि मग ताडून बघायचा. इन्सुलिनच्या ऑर्डरमध्ये ‘युनिट’ हा शब्द पूर्णच लिहायला लावा, डॉक्टरांनासुद्धा. इंग्रजीतलं नुसतं ‘यू’ घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र ॲम्प्यूल वॉर्डच्या कपाटात ठेवूच नका. फोनवरची ऑर्डर लिहून घ्या, वाचून दाखवा, आणि समोरून “बरोबर” आल्यावरच औषध भरा.

आता चुकांच्या नोंदीबद्दल. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगलं काम करणाऱ्या टीमकडे चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. तिथली माणसं बोलत होती. म्हणून नोंदवही कोरी दिसली की मला समाधान वाटत नाही, धास्ती वाटते. कुणी “थोडक्यात वाचलं” म्हणून सांगायला आली तर “कुणी केलं?” हा प्रश्न गिळा, “काय काय घडलं?” एवढंच विचारा. दोन व्हायल सारख्या दिसत होत्या? त्याच दिवशी त्यांचे कप्पे वेगळे करा, आणि जिनं सांगितलं तिला हा बदल नेऊन दाखवा. नाहीतर पुढच्या वेळी ती गप्प बसेल, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

माणसं कमी असतील तर तेही घटनेच्या नोंदीत लिहा. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात, एका नर्सवर एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटची ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळली होती. ओढाताण वाढली की आधी श्वास मोजणं सुटतं. चार्टवर ओळीनं सगळ्यांचे श्वास २० दिसले, तर ते मोजलेले नाहीत असं समजा. पेशंट खालावतोय हे बहुतेकदा श्वासातच लवकर दिसतं, तेव्हा पूर्ण एक मिनिट मोजायला लावा. तेवढाही वेळ मिळत नसेल, तर त्या ड्युटीला किती पेशंट आणि किती सिस्टर होत्या, हे आकडे मेट्रनकडे लेखी द्या, दर वेळी.