मेण घेण्याआधी

घरी मेणबत्ती करायला सोया (सोयाबीन तेलाचं मेण) घेऊ की पॅराफिन (खनिज तेलापासूनचं नेहमीचं मेण), हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवा की मेणबत्ती ग्लासातच राहणार आहे की साच्यातून काढून नुसती उभी करायची आहे. दोन्हीची मेणं वेगळी. ग्लासाचं मेण मऊ, साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारं, काचेला धरून राहणारं. साच्याचं टणक, ६०च्या आसपास वितळणारं आणि थंड होताना आकसणारं. आकसतं म्हणूनच साच्यातून सुटतं. ग्लासाचं मेण साच्यात ओतलंत तर साचा आपटा, फ्रीजमध्ये ठेवा, शेवटी वात हातात येते आणि मेण आतच. पाकिटावर ठळक अक्षरांत नुसतं ‘सोया’ असतं. ग्लासाचं की साच्याचं, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. तेच वाचायचं राहतं. लिहिलेलं नसेल तर विचारा, आणि विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका.

हे कळलं की मग प्रकार. पॅराफिन स्वस्त, रंग-वास चांगला धरतं, पण गोठताना वातीभोवती खड्डा पडतो, म्हणून थोडं मेण दुसऱ्यांदा ओतायला बाजूला ठेवा. सोया सावकाश जळतं. त्यावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटते, ती खराबी नव्हे. बाजारातलं बरंचसं सोया ग्लासासाठीचं असतं, तेव्हा साचा घेऊन बसला असाल तर परत एकदा पाकीट बघा. मधमाश्यांचं मेण सुंदर, पण महाग, आणि जाड वात मागतं. पहिल्या खेपेला नको. जेल, म्हणजे पारदर्शक थुलथुलीत मेण, तर नकोच.

वजनकाटा हवा. ग्लासात २०० मिली पाणी मावत असेल तर मेण १८० ग्रॅमच्या आतच लागतं. सुगंधी तेलही वजनानेच, मेणाच्या ६ टक्क्यांपासून सुरुवात करा: ५०० ग्रॅमला ३० ग्रॅम. जास्त घातलं की वास वाढत नाही, तेल वर सुटतं.

वितळवायला पाण्याच्या पातेल्यात ठेवलेलं दुसरं भांडं, आणि थर्मामीटर. अंदाजपंचे चालणार नाही. मेणाला उकळी येण्याची वाट बघत बसू नका; फार तापलं तर ते उकळी न येताच पेट घेतं. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण टाका. पाणी अजिबात ओतू नका, भडका उडतो. झाकण आधीच हाताशी काढून ठेवा.

वात मेणाप्रमाणे आणि भांड्याच्या व्यासाप्रमाणे घ्या. म्हणजे इथेही तेच: मेण कोणतं आणि कशासाठीचं हे माहीत नसेल तर वातही चुकते. बारीक पडली तर मधोमध विहीर होते आणि कडेचं मेण तसंच राहतं, जाड झाली तर काजळी धरते.

रंग मेणबत्तीचाच. मेणाचे खडू किसून घालू नका, वात तुंबते. कागद अंथरा. उरलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका. ग्लासात किंवा साच्यात मेण ओतल्यावर तो हलवू नका. पॅराफिन दोन-तीन दिवसांनी पेटवा, सुगंधी सोयाला आठवडा-दोन आठवडे द्या, त्याआधी वास नीट येत नाही.