पीडीएफमधला नकाशा मेजावर इंचाच्या मापात उतरवताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, मेजाभोवती बसून पात्रे रंगवत खेळायच्या खेळात लढाईच्या नकाशावरचा एक चौकोन एक इंचाचा असतो आणि तो खेळातली पाच फूट जागा दाखवतो. सोंगट्यांच्या बैठकाही त्याच हिशेबाने बनवलेल्या असतात. विकत घेतलेल्या मोहिमेच्या, म्हणजे खेळासाठी तयार लिहिलेल्या कथानकाच्या, पीडीएफमध्ये मात्र तोच नकाशा अर्ध्या पानात आक्रसून बसलेला असतो. तो काढण्यासाठी स्क्रीनशॉट घेऊ नये, कारण त्यात पडद्यावर दिसले तेवढेच पिक्सेल हाती लागतात आणि मूळ चित्रातला बारकावा फाइलमध्येच राहून जातो.

आधी पान आठशे टक्के मोठे करून पाहावे. भिंतींच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसल्या, तर नकाशा पिक्सेलचे चित्र आहे. त्या तितक्याच धारदार राहिल्या, तर तो व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या गणिती वर्णनातून काढलेला, आहे.

चित्र असेल तर पॉपलर या मोफत संचातील पीडीएफइमेजेस ही टर्मिनलमध्ये टाइप करायची आज्ञा वापरावी. तिचा ‘लिस्ट’ पर्याय कोणत्या पानावर किती रुंदी-उंचीचे चित्र आहे ते सांगतो, आणि ‘ऑल’ पर्याय जेपेग चित्र पुन्हा कॉम्प्रेस न करता जसेच्या तसे बाहेर काढतो. पानांचे क्रमांक अवश्य द्यावेत, नाहीतर पुस्तकभरच्या नक्षीदार किनारी आणि पार्श्वचित्रे यांचाच ढीग फोल्डरात पडतो. सोबत एखादे करडे, छायाकृतीसारखे चित्र आले, तर तो पारदर्शकतेचा मुखवटा असतो. गिंप या चित्र-संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये तो मूळ चित्राला लेयर मास्क म्हणून जोडता येतो.

या पद्धतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा वेगळाच आहे. खोल्यांचे क्रमांक आणि गुप्त दारांच्या खुणा पुष्कळदा चित्रावर स्वतंत्र मजकूर म्हणून ठेवलेल्या असतात, त्यामुळे काढलेले चित्र खुणांविना, थेट खेळाडूंसमोर पसरता येईल असे मिळते. अर्थात खुणा चित्रातच रंगवलेल्या असल्या, तर त्या हाताने पुसाव्या लागतात. पुसायच्या राहिलेल्या एका खुणेने सगळ्या रात्रीचे रहस्य फुटू शकते, म्हणून छापण्याआधी नकाशा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासावा.

नकाशा व्हेक्टर असेल, किंवा चित्र पट्ट्यापट्ट्यांत तुटून आले, तर त्याच संचातील पीडीएफटूपीपीएम या आज्ञेने पूर्ण पानाचे चित्र करावे. पानावर चौकोन ६ मिमीचा असेल, तर २५.४ मिमी होण्यासाठी तो सुमारे सव्वाचार पट वाढवावा लागेल; म्हणून छपाईत इंचाला १५० ठिपके हवे असतील, तर पान ६३५ च्या रिझोल्यूशनने काढावे.

आता माप. एकच चौकोन मोजण्यापेक्षा दहा चौकोनांचे पिक्सेल मोजून दहाने भागावे. उत्तर ७० आले, तर गिंपमध्ये चित्राचे पिक्सेल न बदलता छपाईचे रिझोल्यूशन इंचाला ७० ठेवावे, म्हणजे चौकोन आपोआप एक इंचाचा होतो. हातभर अंतरावरून असा नकाशा चालतो, पण बारीक अक्षरे धूसर दिसतात. १४०-१५० पिक्सेल मिळाले तर उत्तम.

ए-४ कागदावर समास सोडून ७ × १० चौकोन आरामात बसतात, म्हणजे २४ × ३० चौकोनांच्या नकाशाला बारा कागद लागतात. अॅक्रोबॅट रीडरमधला ‘पोस्टर’ पर्याय हे तुकडे कापण्याच्या खुणांसह छापतो. तुकडे स्वतः पाडून छापत असाल, तर ‘फिट’ऐवजी ‘अॅक्चुअल साइझ’ निवडावे. माझा पहिला नकाशा ‘फिट’वर छापला गेला आणि चौकोन जेमतेम २४ मिमीचे आले, चौकोनामागे सुमारे १.४ मिमीची ही तूट २४ चौकोनांत एका पूर्ण चौकोनाहून जास्त होते, आणि अरुंद बोळात सोंगट्या एकमेकींना खेटू लागतात. म्हणून आधी एकच कागद छापून पट्टी लावावी. दहा चौकोन २५४ मिमी भरले, तरच उरलेले अकरा कागद प्रिंटरला द्यावेत.