मेण, शाडू आणि लाल धागा: पुण्याजवळ घडलेलं नाक स्वतः करून बघा

कपाळाचं कातडं खाली वळवून नाक तयार करायची शस्त्रक्रिया मी पुण्यात प्लास्टिक सर्जरीच्या विद्यार्थ्यांना शिकवते. हातात चाकू देण्याआधी त्यांच्याकडून ती मातीच्या चेहऱ्यावर करून घेते, आणि तीही अठराव्या शतकात आपल्या गावाजवळ झाली त्या रीतीने. नर्सिंगच्या मुली, विज्ञानाचे शिक्षक, कुणालाही हे घरी जमेल.

आधी हकिकत माहीत हवी. कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. तो टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. साधारण वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही कृती सविस्तर छापून आली. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ती पाहिल्याचंही तिथे नोंदवलंय. रुग्णाचं नाव आहे, बघणाऱ्यांची नावं आहेत, करणाऱ्याचं नाही. याचा मला मनापासून राग येतो, आणि तो मी वर्गात लपवत नाही.

आता सामान. शाडू कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मिळते. गणपतीच्या आधीचे दिवस असतील तर सहज. बोहरी आळीतून दोन मिलिमीटर जाडीची फोमची शीट आणा, ते आपलं कातडं. शिवाय मेण, लाल धागा, साधा दोरा, टाचण्या, कात्री, थोडा कात आणि जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या.

शाडूचा चेहरा खऱ्या मापाचा करा. नाकाच्या जागी फक्त बसका उंचवटा ठेवा. कपाळ आखूड करू नका, नाहीतर पुढे कातडं पुरत नाही. एका भुवईच्या आतल्या टोकापासून केसांच्या रेषेपर्यंत सरळ वर लाल धागा जाईल अशा बेताने तो शीटच्या आतल्या बाजूला चिकटवा. ही त्या जागेची रक्तवाहिनी. मग शीट चेहऱ्यावर टाचण्यांनी बसवा आणि नाकाची जागा कापून उघडी ठेवा.

मेण कोमट पाण्यात मऊ करून पातळ पापुद्रा करा आणि त्या उंचवट्यावर हवं तसं नाक घडवा: शेंडा, दोन्ही नाकपुड्या, मधला खांब. घाई नको, रुग्णाचं पुढचं सगळं आयुष्य या पापुद्र्यावर ठरतं. तो अलगद उचला, सपाट करा आणि कपाळावर उलटा ठेवा, म्हणजे शेंडा केसांकडे आणि मूळ भुवयांकडे. कडेने पेनने रेघ मारा. त्या कारागिरानेही मेणाचाच नमुना केला होता. आम्ही आज टाक्यांच्या पाकिटातली चंदेरी फॉइल वापरतो, पण रीत तीच.

कापण्याआधी दोऱ्याने माप घ्या. एक टोक धागा सुरू होतो तिथे दाबून धरा, दुसरं नव्या नाकाच्या खालच्या टोकापर्यंत न्या, आणि तेवढाच दोरा कपाळावर वर फिरवा. आखलेली रेघ त्याच्या आत संपत असेल तर फ्लॅप, म्हणजे कपाळावरून खाली वळवायचा कातड्याचा तुकडा, तोकडा पडणार.

आता कापा, पण भुवईपाशी सव्वा सेंटिमीटर रुंदीचा देठ जोडलेला ठेवा आणि लाल धागा त्याच देठातून जाऊ द्या. सगळ्या शस्त्रक्रियेचं शहाणपण या न कापलेल्या पट्टीत आहे. नवं कातडं आजूबाजूच्या कडांशी जुळेपर्यंत त्याला रक्त फक्त इथून मिळतं. ज्याने हे ओळखलं, त्याच्याकडे ना भूल होती ना सूक्ष्मदर्शक. (ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचं बोस्टनमधलं जाहीर प्रात्यक्षिक १८४६ चं.) म्हणून कात्री देठाजवळ आली की मी विद्यार्थ्यांना थांबायला लावते आणि धागा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगते.

उंचवट्याच्या कडा थोड्या खरवडा आणि दोन्ही बाजूंनी व ओठाच्या वर खाच पाडा. फ्लॅप वळवून खाली आणा आणि त्याची कड खाचेत बसवा. देठाला करकचून पीळ पडता कामा नये; पडला तर देठाचा चीर थोडा खाली वाढवा. मग पाण्यात कालवलेला कात पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवा. मूळ हकिकतीत हाच लेप चार दिवस होता, नंतर तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापड घातलं जाई.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने ही पद्धत वाचून आधी मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक केलं आणि १८१६ मध्ये पुस्तक छापलं. तिथून ती युरोपभर गेली. विद्यार्थी शाडूला कंटाळले की मी त्यांना कार्प्यूचा सराव सांगते.

शेवटी देठ. पुण्याजवळ तो साधारण पंचविसाव्या दिवशी कापत. आम्हीही सहसा तीन आठवडे थांबतो. मॉडेलवर कापताना उरलेला तुकडा परत भुवयांच्या मध्ये बसवा, म्हणजे दोन्ही भुवयांमधलं अंतर जागेवर राहतं. मग चेहरा आडवा करून नाकपुडीतून आत बघा: फ्लॅपची मागची बाजू उघडी आहे, तिला अस्तर नाही आणि आतून आधारही नाही. अशी नाकं पुढे आकसत. म्हणून आज आतून अस्तर देतात आणि कानाची किंवा बरगडीची कूर्चा घालतात. दुसऱ्या मॉडेलवर फ्लॅप वळवण्याआधी आत फोमचा एक थर आणि पातळ पुठ्ठ्याची पट्टी बसवून बघा.