देकार्त ते ह्यूम : तत्त्वज्ञांची तुलना करताना या चुका टाळा

तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिकांत एक तक्ता हमखास आढळतो : डावीकडे देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ हे बुद्धिवादी (ज्ञानाचा मूळ आधार बुद्धी मानणारे), उजवीकडे लॉक, बर्कली, ह्यूम हे अनुभववादी (तो आधार इंद्रियानुभव मानणारे). ही विभागणी मुख्यतः जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्यानंतरच्या इतिहासलेखनात रूढ झाली. पाठांतराला ती सोयीची असली, तरी मन हा जन्मतः कोरा कागद आहे असे मानणारा लॉकच ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध होते आणि नीतिशास्त्र गणितासारखे सिद्ध करता येईल असेही म्हणतो, तेव्हा त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे?

मराठी वाचकाला आणखी एक चकवा लागतो. बुद्धिवाद म्हटले की आपल्याला आगरकर आठवतात. त्यांचा बुद्धिप्रामाण्यवाद रूढी आणि शब्दप्रामाण्य (ग्रंथात आहे म्हणून खरे मानणे) यांच्या विरोधात उभा होता, अनुभवाच्या नव्हे, आणि ज्या इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा त्यांच्यावर प्रभाव होता तो तर पक्का अनुभववादी होता.

सर्वांत महागात पडणारी चूक 'द्रव्य' या शब्दापाशी होते. देकार्तची द्रव्ये दोन, स्पिनोझाचे एक, लायब्निझची अनंत, एवढे लिहून विद्यार्थी थांबतो; पण तुलना तेथून सुरू व्हायला हवी. ज्याला अस्तित्वासाठी दुसऱ्या कशाचीही गरज नाही ते द्रव्य, ही व्याख्या काटेकोरपणे घेतली तर ती ईश्वरालाच लागू पडते, असे देकार्तने स्वतः १६४४ मध्ये लिहिले आहे; मन आणि जडवस्तू यांना केवळ ईश्वराचाच आधार लागतो, म्हणून तो त्यांनाही सैल अर्थाने द्रव्य म्हणतो. ही सवलत स्पिनोझा देत नाही, म्हणून त्याच्याकडे एकच द्रव्य उरते. लायब्निझचा प्रश्न वेगळाच आहे : ज्याचे तुकडे होऊ शकतात ते खऱ्या अर्थाने 'एक' कसे? म्हणून जडवस्तू बाद होते आणि अविभाज्य चिदणू (मोनाड, म्हणजे मनासारखी निरवयव एकके) उरतात. आकडे शेजारी मांडण्याआधी कोण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे.

देकार्तला अनुभवाचे वावडे होते, हाही असाच सरधोपट समज आहे. पोळ्यातून नुकतेच काढलेले मेण तो हातात घेतो : मधाची चव आहे, फुलांचा गंध आहे, बोटाने ठोकले तर आवाज येतो. विस्तवाजवळ नेताच हे सारे नाहीसे होते, तरी मेण तेच आहे हे आपल्याला कळते. येथे इंद्रिये खोटी ठरवलेली नाहीत. त्यांनी दिलेल्या सामग्रीत ते 'तेच' कोण ओळखतो, एवढेच विचारले आहे.

सराव करायचा असेल, तर लायब्निझने लॉकला दिलेले उत्तर घ्यावे. त्याने लॉकच्या ग्रंथाला संवादरूपाने प्रकरणागणिक उत्तर लिहिले. १७०४ मध्ये लॉकचे निधन झाल्याने ते छापले नाही आणि १७६५ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी इंद्रियांत नव्हते असे बुद्धीत काहीच नसते, हे जुने वचन तो मान्य करतो आणि त्याला एवढीच पुस्ती जोडतो : खुद्द बुद्धी वगळता.