रब्बी पेरणीआधी बीळ ओळखा, मगच आमिष ठेवा

भुईमूग काढून शाळूसाठी रान तयार झाले की जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात बांधावरची बिळे उघडी पडतात. अशा वेळी दिसेल त्या बिळात विषारी आमिष टाकले जाते. ही घाई कृपया करू नये, कारण प्रत्येक बीळ नुकसान करणाऱ्या उंदराचेच असते असे नाही.

बांधाच्या उतारावर जेमतेम अंगठा जाईल एवढे तोंड आणि समोर चिमूटभर माती दिसली, तर ते बहुधा मस बूडुगा या लहान शेतउंदराचे असते. त्याचे वजन साधारण 10 ग्रॅम भरते. पाठ मातकट, पोट पांढरेशुभ्र आणि डोळे टपोरे असतात. तो रात्री बाहेर पडून गवताचे बी, सांडलेले दाणे आणि किडे खातो. सुमारे तीन आठवड्यांच्या गर्भकाळानंतर मादी उघड्या अंगाची, मिटल्या डोळ्यांची पाच-सहा पिल्ले घालते. माळावर बिळाच्या तोंडाशी बारीक खड्यांची रास आढळली, तर ते काटेरी केसांच्या उंदराचे समजावे. पेरलेले बी हे लहान उंदीरही उकरतात, परंतु कणसे तोडून बिळात साठवण्याची सवय काळ्या शेतउंदराची आहे. त्याचे बीळ मुठीएवढे असते आणि तोंडाशी ताज्या मातीचा मोठा उकीर असतो. खर्च आणि मेहनत तिथेच लावावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी सर्व बिळे चिखलाने लिंपावीत आणि सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील तीच जिवंत धरावीत. दोन-तीन दिवस बिनविषारी भरड्याची चव लावून, नंतर 49 भाग भरडा, 1 भाग गोडेतेल आणि 1 भाग झिंक फॉस्फाईड काठीने कालवून ते आमिष बिळात खोलवर सारावे व तोंड बुजवावे. हातमोजे घालावेत, मिश्रणात पाणी घालू नये आणि मुले, कोंबड्या, शेळ्या यांना रानापासून दूर ठेवावे. या विषावर उतारा नाही.

गव्हाणी घुबड उंदीर अख्खाच गिळते आणि धामणही तसेच करते. म्हणून मेलेले उंदीर दररोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत. बांधावरचे आमिष उघड्यावर मुळीच पसरू नये.