नव्या रीफ टँकमध्ये कार्बन: दाणे नाचवू नका

रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, नवा असला की अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनबद्दल (पाणी स्वच्छ करणाऱ्या सच्छिद्र कोळशाबद्दल) तीन सल्ले हमखास मिळतात. सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजण्याचा काळ) पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नका, पाणी पिवळं दिसलं की टाका, आणि रिअ‍ॅक्टरमध्ये (पंपाने पाणी ढकलतात त्या कार्बनच्या उभ्या नळीत) दाणे छान नाचू द्या. पहिला सल्ला ऐकल्याने काही बिघडत नाही. दुसरा प्रवाळांना महागात पडतो. तिसऱ्यापायी माझ्या यलो टँग माशाचा चेहरा कायमचा खराब झाला.

कार्बन पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ धरून ठेवतो. पाणी पिवळं करणारी द्रव्यं, वास, आणि जागेसाठी भांडताना मऊ प्रवाळ पाण्यात सोडतात ती विषारी रसायनं, हे सगळं त्यात आलं. लेदर कोरल (एक मऊ प्रवाळ) आणि दगडी प्रवाळ एकाच टँकमध्ये ठेवणार असाल, तर एवढ्या एका कारणासाठीही कार्बन हवाच. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट हे मात्र त्याचं काम नाही. म्हणून त्याने सायकल अडत नाही आणि लवकर उरकतही नाही.

पहिला जीव टँकमध्ये आला की त्याच आठवड्यात कार्बन लावा, पण थोडा. पाणी पिवळं होण्याची वाट बघू नका. पिवळं पाणी निळा प्रकाश गिळतं आणि प्रवाळ त्या कमी प्रकाशाला सरावतात. सहा महिन्यांनी एकदम भरपूर कार्बन टाकला की दोन-तीन दिवसांत पाणी काचेसारखं होतं आणि दिव्याला हात न लावताही प्रवाळांवरचा प्रकाश वाढतो. मग ते पांढरे पडतात, आणि दोष टँकच्या पाण्यातल्या मिठाला दिला जातो. पाणी आधीच पिवळं झालं असेल तर नेहमीच्या पाव मापाने सुरू करा आणि दिवे काही दिवस मंद ठेवा.

कार्बन दगडी कोळशाचा, आम्लाने धुतलेला आणि कडक घ्या. बारीक कांड्यांच्या आकाराचा मिळाला तर उत्तम. लिग्नाइटचा मोठे रेणू चांगले पकडतो, पण मऊ असतो आणि त्याची भुकटी फार होते. नारळाच्या करवंटीचा कडक असतो, पण त्याची बहुतेक छिद्रं इतकी बारीक की पिवळेपणाचे मोठे रेणू आत शिरतच नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरला तो योग्य, इथे माझी पसंती नाही. चमचाभर कार्बन कपभर आरओडीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी फॉस्फेट तपासा. आकडा दिसला तर कार्बनच फॉस्फेट सोडतोय, तो डबा परत करा.

माप: कांड्यांचा कार्बन असेल तर 40 लिटरला एक मोठा चमचा, दाणेदार असेल तर दोन. नव्या टँकला याच्या निम्मा. रात्रभर आरओडीआय पाण्यात भिजवा म्हणजे छिद्रांतली हवा निघून जाते आणि दाणे तरंगत नाहीत. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

आता रिअ‍ॅक्टर. इथे मी चुकलो. फॉस्फेट काढणाऱ्या जीएफओचे दाणे हलते ठेवावे लागतात, नाहीतर ते एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा होतो. कार्बनचंही तसंच असणार असं मी धरून चाललो आणि दुकानदारानेही मान डोलावली. नळीत काळे दाणे उकळत्या भातासारखे वरखाली होत होते. ते एकमेकांवर घासले जात होते आणि त्यांची पीठासारखी भुकटी पाण्यात जात होती. ती डोळ्यांना दिसत नाही. मला दिसली ती स्किमरच्या (फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कपात, करडा गाळ म्हणून, आणि तोवर पाच आठवडे उलटले होते. त्याच सुमारास टँगच्या डोळ्यांभोवती बारीक खड्डे पडू लागले, मग अंगावरच्या पार्श्वरेषेच्या कडेने फिकट पट्टा उमटला. मी जीवनसत्त्वं दिली, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) वाढवली, काही उपयोग झाला नाही. कार्बन काढल्यावर नवे खड्डे थांबले. जुने आजही आहेत.

हा योगायोग म्हणून सोडून देऊ नका. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ओशन सर्जन या टँगच्याच कुळातल्या माशांना लिग्नाइट कार्बन लावलेल्या टँकमध्ये ठेवलं, तेव्हा त्यांना हाच विकार झाला. कार्बन नसलेल्या टँकमधले मासे ठीक राहिले. टँग ठेवणाऱ्याने भुकटीकडे दुर्लक्ष करणं मला मान्य नाही.

म्हणून रिअ‍ॅक्टर असा भरा. तळाला स्पंज, त्यावर धुतलेला कार्बन, आणि वरचा स्पंज थेट कार्बनवर टेकेपर्यंत खाली दाबा. मध्ये मोकळी जागा अजिबात नको. दाण्यांना हलायला जागाच नसली की घासणार कुठून? पंप लहान घ्या आणि व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून सुरू करा. बाहेर येणारं पहिलं पाणी सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) सोडू नका, पांढऱ्या बादलीत घ्या. बादलीचा तळ स्वच्छ दिसला की मगच पाणी बाहेर नेणारी नळी सम्पमध्ये, तीही फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सोडा. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि टॉर्चने नळीत बघा. एक दाणा जरी हलला तरी व्हॉल्व्ह मागे घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, कारण भिजून दाणे खाली बसतात आणि वर फट पडते. ती फट स्पंज दाबून बंद करा. हे दुसऱ्या दिवसाचं बघणं बहुतेक जण टाळतात, आणि भुकटी तिथूनच सुरू होते.

टँक 150 लिटरच्या आतला असेल तर रिअ‍ॅक्टरच्या फंदात पडू नका. बारीक जाळीच्या पिशवीत कार्बन घाला आणि सम्पमधल्या दोन आडव्या काचांच्या मधून पाणी जातं तिथे ठेवा. कोपऱ्यात नुसती पडलेली पिशवी काम करत नाही.

दर तीन-चार आठवड्यांनी बदला. टँकचं पाणी आणि नवं मिठाचं पाणी दोन पांढऱ्या बादल्यांत शेजारी ठेवलं की वेळ झाली का ते कळतं. तीन वेळा बदलूनही प्रवाळ खुशीत असतील तर पूर्ण मापावर या. जुना कार्बन ओव्हनमध्ये भाजून पुन्हा वापरता येतो असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्याला सुमारे 800 अंश सेल्सिअस आणि वाफ लागते, घरच्या ओव्हनचं ते काम नाही.

मी न्यू जर्सीत राहतो, इथे दुकानातून शेतीतली प्रवाळं मिळतात. भारतात दगडी प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. मालवणच्या पाण्यातून प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलू नका.

टँकमध्ये औषध घालणार असाल तर आधी कार्बन काढा, नाहीतर तो औषधच खाऊन टाकेल. औषधाचा काळ संपला की ताजा कार्बन लावा, जुना नव्हे, आणि पुन्हा निम्म्या मापापासून.